मॉमी नदीची चढण



मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला कीं आपल्याकडे ओढ्यांना गढूळ पाणी येतें, आणि त्या पाण्याच्या उलट दिशेनें खालच्या नदींतले मासे वर शेतांच्या बांधांपर्यंत चढूं लागतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतों. अंडीं घालण्यासाठीं निघालेला हा जीव नेमका त्याच वेळीं माणसाच्या हातीं लागतो. आज मी ज्या नदीची हकीकत सांगणार आहें, ती पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आहे. तिला पूर येतो तो मुख्यतः वसंतांत, बर्फ वितळल्यानें आणि त्यावर पाऊस पडल्यानें. पण मूळ गोष्ट तीच आहे : वाढतें पाणी, चढणारा मासा आणि कांठावर उभा असलेला माणूस.

मी पस्तीस वर्षें मुलांना इतिहास व भूगोल शिकविले. उत्तर अमेरिकेंतील पांच महासरोवरें नकाशावर दाखवितांना ईरी सरोवरावर माझी छडी क्षणभर थांबे व पुढें जाई. नद्यांचीं नांवें मीं मुलांकडून पाठ करवून घेतलीं. परंतु नदीच्या पाण्यालाहि इतिहास असतो, हें सांगावयाचें राहून गेलें. तें आज सांगतों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना संस्थानांत फोर्ट वेन येथें दोन नद्यांचा संगम होऊन मॉमी नदी जन्मास येते. ती ईशान्येकडे सुमारें १३० मैल वाहत जाऊन ओहायो संस्थानांतील टोलेडो शहरापाशीं ईरी सरोवरास मिळते. सरोवराचा हा पश्चिमेकडील भाग सर्वांत उथळ. मुखाच्या थोडें वर, पेरीसबर्ग व मॉमी या समोरासमोरच्या गांवांपासून, खडकाळ तळावरून खळाळणाऱ्या पाण्याची लांबच लांब पट्टी लागते. मार्च महिन्यांत बर्फ फुटून नदी फुगली कीं सरोवरांतून ‘वॉलआय’ नांवाचे मासे झुंडीझुंडीनें या खळाळांत चढतात. या माशाचा डोळा घारा व मोठा असतो. मांजराच्या डोळ्याप्रमाणें त्याच्या आंत प्रकाश परतविणारा पडदा असल्यामुळें अंधाऱ्या व गढूळ पाण्यांतहि त्याला भक्ष्य दिसतें.

पाण्याचें उष्णतामान फॅरनहाइटच्या ४० ते ५० अंशांच्या दरम्यान आलें कीं मादी रात्रीच्या वेळीं गोट्यांच्या तळावर अंडीं सोडते. मोठी मादी लाखांवर अंडीं घालते. पण घरटें नाहीं कीं राखण नाहीं. दगडांच्या फटींत जीं अंडीं सुरक्षित राहतील त्यांतून दोन-तीन आठवड्यांनीं पिलें निघतात. तीं इतकीं दुबळीं असतात कीं प्रवाह नेईल तिकडे जातात. पोटाशीं असलेली शिदोरी संपण्यापूर्वीं त्यांना सरोवर गांठावयाचें असतें. म्हणून चढतें पाणी हें या माशाला बोलावणेंहि आहे आणि संकटहि आहे. पाणी फार ओसरलें तर मासा वर येण्यास कचरतो. पिलें निघण्याच्या सुमारास पाणी फार माजलें तर तीं दगावतात. मॉमी व तिची शेजारीण सँडस्की या नद्यांवर झालेल्या आणि १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हेंच दाखवून दिलें कीं, प्रवाह जितका प्रचंड, तितकीं वांचणारीं पिलें कमी.

मग प्रश्न असा कीं, हें पाणी माजतें कां? येथें इतिहास सुरू होतो.

या खळाळांच्या कांठीं पूर्वीं ओडावा प्रभृति मूळ रहिवाशांचीं गांवें होतीं. १७९४ च्या ऑगस्टांत याच नदीकांठीं फॉलन टिंबर्सची लढाई झाली आणि मूळ रहिवाशांच्या संघाचा पराभव झाला. १८१३ सालीं इंग्रजांनीं वेढलेला मीग्स किल्ला याच खळाळांच्या पायथ्याशीं होता. १८३० नंतरच्या दशकांत मॉमीकांठच्या ओडावांना त्यांची भूमि सोडून दूर कॅन्ससकडे जावें लागलें. त्यांच्या मागून कालवे आले. कालव्याला पाणी मिळावें म्हणून वरच्या अंगाला धरण बांधलें गेलें, आणि माशाच्या चढणीला तेथें आडकाठी झाली.

परंतु सर्वांत मोठा बदल नदींत झाला नाहीं. तो नदीच्या दक्षिणेस झाला. तेथें सुमारें १२० मैल लांब व ४० मैल रुंद अशी एक दलदल पसरली होती. तिला ‘काळी दलदल’ म्हणत. हिवतापाचें माहेरघर, गाड्यांचीं चाकें गिळणारी अशी तिची कीर्ति होती. १८५९ नंतर ओहायोंत चर खणण्याचे कायदे झाले, भट्ट्यांतून मातीच्या नळ्या भाजून निघूं लागल्या, त्या शेताखालीं पुरल्या गेल्या, आणि शतक संपेपर्यंत ती दलदल बहुतेक नाहींशी होऊन तेथें उत्तम काळी शेती उभी राहिली. हें करणाऱ्या शेतकऱ्यांस मी दोष देत नाहीं. हिवतापानें पोरें गमावलेल्या घराला दलदलीचें कौतुक कोणीं सांगावें? पण ती दलदल स्पंजासारखी होती. वितळलेलें पाणी ती धरून ठेवी, गाळ बसवी व सावकाश नदीला देई. ती गेल्यावर तेंच पाणी नळ्यांतून व चरांतून थेट नदींत धांवूं लागलें, आणि बरोबर शेताची माती व पुढें खतेंहि घेऊन जाऊं लागलें.

सरोवरावर याचा व शहरांच्या घाणीचा भार पडत गेला. १९५३ सालीं पश्चिम भागांत तळाचा प्राणवायु संपून, उन्हाळ्यांत ढगासारख्या उठणाऱ्या मे-माशा जवळजवळ नाहींशा झाल्या. जाळ्यांनीं धरल्या जाणाऱ्या वॉलआयचें उत्पन्न १९५६ सालीं शिगेला पोहोंचलें आणि लगेच कोसळलें. १९७० सालीं तर माशांत पारा सांपडला. क्षार व क्लोरीन करणाऱ्या कारखान्यांचें तें उत्सर्जन होतें. मासेमारी बंद करावी लागली. ओहायोंत वॉलआयसाठीं व्यापारी जाळीं पुन्हां पडलीं नाहींत. पलीकडे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत तीं ठराविक हिश्शानें चालूं झालीं. १९७२ सालीं अमेरिकेचा पाणीशुद्धीचा कायदा व दोन्ही देशांचा सरोवरकरार झाला, आणि १९७६ पासून दरवर्षीं किती मासा धरावा याचें प्रमाण वांटून देण्यांत येऊं लागलें. वॉलआय सांवरला. १९८२ आणि २००३ या वर्षांची पैदास तर अपूर्व ठरली. त्याचा भाऊबंद ‘निळा पाइक’ मात्र सांवरला नाहीं. १९८३ सालीं तो नामशेष झाल्याचें जाहीर झालें. एकाच सरोवरांतील दोन भावांपैकीं एक वांचला, एक गेला.

आतां दर वसंतांत मॉमीच्या त्या जुन्या रणभूमीखालीं हजारों लोक गळ घेऊन उतरतात. छातीपर्यंत येणारे रबरी पोशाख घालून ते थंडगार पाण्यांत ओळीनें उभे राहतात. नदी बेताची असली तर मधल्या खळाळांत जातां येतें. ती फुगली कीं तेथें पाय टिकत नाहीं. पण जाणत्याला त्याची खंत नसते. कारण मासाहि तो लोंढा टाळून कांठच्या संथ पाण्याच्या आश्रयानें चढतो. नवखा खोल पाण्याकडे धांवतो. जाणता कांठाशीं उभा राहून दोरीला जड शिसें बांधतो.

या चढणीच्या दिवसांत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तेथें गळ टाकण्यास बंदी असते. शिवाय गळ माशाच्या तोंडांत लागला असला पाहिजे. पाठींत किंवा कल्ल्यामागें रुतला तर मासा परत सोडावयाचा. दाट झुंडींत गळ असा वारंवार रुततो. अशा वेळीं शेजारीं पहारेकरी नसतांना हातांतला मोठा मासा पाण्यांत सोडणें, ही खरी परीक्षा होय.

तरीहि केवळ गळवाल्यांच्या सचोटीनें काम भागणार नाहीं. २०१४ च्या ऑगस्टांत खतांवर पोसलेल्या विषारी शेवाळामुळें टोलेडोच्या सुमारें चार लक्ष लोकांना नळाचें पाणी पिऊं नका असें सांगावें लागलें. उलट, २०१८ सालीं सँडस्कीवरील बॅलव्हिल धरण पाडण्यांत आलें व एक शतकाहून अधिक काळानें माशाला वरचे २२ मैल मोकळे झाले.

पुराला आपण दैवी म्हणतों. आकाशांतून पाणी किती पडावें तें आपल्या हातीं नाहीं, हें खरें. पण पडलेलें पाणी किती वेगानें व काय घेऊन नदीस मिळावें, हें पुष्कळसें वरच्या जमिनीवर राहणारा माणूस ठरवितो. यंदा मृगांत ओढ्यावर चढणीचे मासे धरावयास पोरें जातील, तेव्हां त्यांना एवढेंच सांगावें कीं, पाणी कोठून आलें तेंहि एकदां पाहून या.