वही सगळ्यांची, तपासणी कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बँकेत संगणक येण्यापूर्वी मी लेजर विभागात कारकून होतो. एकाने व्हाउचरवरून नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पडताळून लाल पेन्सिलीने टिक करायची, असा शिरस्ता होता. संध्याकाळी ताळा जमला नाही, तर फरकाला नऊने भाग जातो का, हे आधी पाहायचं. गेला, तर कोणी तरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असण्याची शक्यता फार. अशीच एक चूक शोधायला आम्हाला तीन रात्री लागल्या. नोंद माझ्या मित्राची होती, पण तिच्यावरची टिक माझी होती. तो कधी चुकत नाही, म्हणून मी न पाहताच केलेली.

निवृत्तीनंतर बिटकॉइनची माहिती वाचू लागलो, तेव्हा ती टिक पुन्हा आठवली. बिटकॉइनचे भाव आणि त्यातला सट्टा हा आजचा विषय नाही. त्यामागचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांची गोष्ट मला सांगायची आहे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. या नावामागे कोण आहे, हे अजूनही उलगडलेलं नाही. निबंधातली कल्पना अशी, की व्यवहारांची वही एका बँकेकडे न ठेवता अनेक संगणकांवर एकसारखी ठेवायची. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आधीच्या पानावरून गणिताने काढलेली खूण असते. मागचा एक आकडा बदलला, तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. पानांची ही साखळी म्हणजेच ब्लॉकचेन.

जानेवारी २००९ मध्ये त्याचं सॉफ्टवेअर आलं. ते ओपन सोर्स होतं, म्हणजे मूळ कोड कोणीही वाचावा, सुधारावा, वापरावा. हॅल फिनी या अमेरिकी प्रोग्रामरने ते लगेच चालवून पाहिलं आणि आढळलेले दोष सातोशीला कळवले. १२ जानेवारीला सातोशीने त्यांना १० बिटकॉइन पाठवले. एका माणसाने दुसऱ्याला बिटकॉइन पाठवल्याचा तो पहिला व्यवहार. त्याच वर्षी फिनींना स्नायू निकामी करणारा आजार जडला. पुढे हातपाय चालेनात, तरी डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या संगणकावर ते कोड लिहीत राहिले. २०१४ मध्ये ते गेले.

पहिला मोठा हादरा १५ ऑगस्ट २०१० रोजी बसला. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर जायचे नाहीत, असा नियम. पण त्या दिवशीच्या एका व्यवहाराने शून्यातून १८ हजार कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण केले! जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर शून्यावर येतो, तसं झालं होतं. बेरीज ठरलेल्या घरांत मावली नाही, उलटून ऋण झाली आणि तपासणीतून सुटली. जेफ गार्झिक या प्रोग्रामरच्या ते लक्षात आलं. काही तासांत दुरुस्त कोड तयार झाला, लोकांनी तो आपापल्या संगणकावर चढवला आणि खोटं पान मागे पडून खरी साखळी पुढे गेली. पुढच्या वर्षी सातोशीने हे काम कायमचं सोडलं.

मार्च २०१३ मध्ये वेगळाच पेच पडला. नव्या आवृत्तीने स्वीकारलेलं एक पान जुन्या आवृत्तीला मान्य होईना. एका वहीच्या दोन वह्या झाल्या. जुन्या आवृत्तीवर परत या, अशी विनंती प्रोग्रामरांनी केली. हुकूम देता येत नव्हता, कारण तो देण्याचा अधिकारच कोणाला नव्हता. नव्या बाजूने पानं जोडणाऱ्यांना प्रत्येक पानामागे २५ बिटकॉइनचा मोबदला मिळाला होता. त्यावर पाणी सोडून ते परतले, आणि वही पुन्हा एक झाली.

मला सर्वांत जवळची वाटते ती २०१८ ची गोष्ट. एकच नाणं एकाच व्यवहारात दोनदा खर्च झालं नाही ना, हे पाहणारी एक तपासणी वेग वाढवण्यासाठी काढली गेली होती. कारण काय, तर तीच गोष्ट पुढे दुसरीकडे तपासली जातेच! जाणकारांनी तो बदल पाहून मान्यताही दिली होती. पण पुढची ती तपासणी पुरेशी नव्हती. २०१७ पासून सुमारे दीड वर्ष हे भगदाड उघडं राहिलं. कोड सर्वांसमोर होता, पण कोणाच्या नजरेस आलं नाही. अखेर ते सापडलं, तेही बिटकॉइनपासून फुटून निघालेल्या प्रतिस्पर्धी गटातल्या एका प्रोग्रामरला. त्याने १७ सप्टेंबर २०१८ रोजी गाजावाजा न करता कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती आली. मूळ वहीत कोणी त्याचा गैरफायदा घेतल्याचं आढळलं नाही.

'पुढे कोणी तरी पाहीलच', हे वाक्य मी बँकेत फार ऐकलं आहे. स्वतःही म्हटलं आहे. सगळ्यांना उघडी असलेली वही तेवढ्यानेच बिनचूक होत नाही. ती कोणी तरी बसून वाचावी लागते. या कामाला आता काही संस्था आणि कंपन्या मानधन देतात. पण नवं काही लिहून दाखवायला पुष्कळ जण तयार असतात, दुसऱ्याचं लिहिलेलं ओळ न् ओळ तपासणारे थोडे. म्हणूनच नव्याने येणाऱ्यांनी तपासणीपासून आणि चाचण्यांपासून सुरुवात करावी, असं या प्रकल्पात सांगितलं जातं. बदल सुचवायला पदवी लागत नाही, ओळख लागत नाही, खरं नावही लागत नाही. तो मान्य झाला, तरी प्रत्येक संगणकाचा मालक स्वतः ठरवतो, की नवी आवृत्ती घ्यायची की नाही.

संगणक शिकणारी मुलं मला विचारतात, की अशा कामात आम्ही काय करू शकतो? मी त्यांना सांगतो, की आधी दुसऱ्याने लिहिलेलं नीट वाचा. कळलं नाही तर विचारा. आणि माणूस कितीही हुशार असो, मित्र असो, न पाहता टिक करू नका.