ठेकेदाराने घराचे काम अर्धवट सोडले? दुसरा गवंडी लावण्याआधी मोजमाप करून घ्या

जोते झाले, भिंती खिडकीपर्यंत आल्या, उचल दीड लाखाची गेली आणि ठेकेदार फोन उचलेना. गावोगाव अशी घरे दिसतात. सळया गंजतात, सिमेंटच्या गोण्या दगड होतात, पाऊस तोंडावर येतो. मग घरमालक वैतागून दुसरा गवंडी लावतो. चूक नेमकी इथेच होते. नवीन काम सुरू झाले की जुन्याने किती केले होते याचा पुरावाच राहत नाही. पुढे पहिला ठेकेदार म्हणतो, "माझेच पैसे बाकी आहेत."

म्हणून आधी मोजमाप. एखाद्या इंजिनिअरकडून झालेल्या कामाचे माप आणि किंमत लेखी घ्यावी. दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करावा, फोटो-व्हिडिओ काढावेत. शिल्लक वाळू, विटा, सळई यांचीही नोंद हवी.

समजा 700 चौरस फुटांचे घर, मजुरी 300 रुपये फूट, म्हणजे 2 लाख 10 हजार. ठेकेदाराला 1 लाख 50 हजार दिले, काम झाले निम्मे. उरलेल्या कामाला दुसरा गवंडी 1 लाख 40 हजार मागतो. एकूण खर्च 2 लाख 90 हजार, म्हणजे ठरल्यापेक्षा 80 हजार जादा. नुकसान मागायचे ते या 80 हजारांचे. जास्त गेलेली 45 हजारांची उचल त्यातच आली. मात्र नवा दर गावात चालतो तसाच असावा. मुद्दाम महागडा माणूस लावला तर तो फरक मिळत नाही.

भारतीय करार कायदा, 1872 नुसार समोरच्याने काम करण्यास नकार दिला तर करार संपवता येतो आणि भरपाई मागता येते. तोंडी करारही चालतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. फोन पेच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे, वहीतल्या सह्या यांना इथे किंमत येते. रोख दिलेल्या पैशाची सही घेतलेली नसेल तर अवघड जाते. भाऊबंदकीतला ठेकेदार म्हणून सही मागायला लाज वाटते, आणि तीच नंतर महागात पडते.

नोटीस साध्या मराठीत स्वतःही लिहिता येते. कराराची तारीख, दर, दिलेली रक्कम, काम कधीपासून बंद आहे, हे मांडून शेवटी लिहावे: "ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत काम सुरू न केल्यास करार संपला असे समजून उरलेले काम तुमच्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घेऊ." स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावी. मुदत संपेपर्यंत थांबावे. पावसाची घाई असेल तर मुदत कमी द्यावी, पण नोटीस टाळू नये.

वाळू-सिमेंट वेळेवर दिले नाही किंवा मध्येच नकाशा बदलला, असे मालकाकडूनही घडते. तसे असेल तर ठेकेदाराची बाजू भक्कम होते. त्याच्या सेंट्रिंगच्या प्लेटा, मिक्सर अडवून ठेवणे तर अंगाशी येते. उलट तक्रार होते. यादी करून, सही घेऊन सामान परत द्यावे.

पोलीस ठाण्यात बहुतेकदा "हा दिवाणी मामला आहे" असेच ऐकायला मिळते. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसत असेल तरच फौजदारी प्रकरण उभे राहते. त्यापेक्षा जिल्हा ग्राहक आयोग बरा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. रोजंदारीवर, मालकाच्या सांगण्याप्रमाणे काम करणारा गवंडी मात्र यात सहसा बसत नाही. ठेका घेतलेला असावा लागतो.

घरकुल योजनेतले घर असेल तर काम बंद पडल्याचे ग्रामपंचायतीला आणि पंचायत समितीतील घरकुलाच्या अभियंत्याला लगेच लेखी कळवावे. पुढचा हप्ता बांधकामाच्या टप्प्यावर अवलंबून असतो आणि तो लाभार्थ्याचाच अडकतो, ठेकेदाराचा नाही.