आधी वीस की आधी पाच?

आपण तोंडाने 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी 2 काढतो, मग 5. दोन्ही रीती आपल्याच, आणि दोन्ही बरोबर. पण एकाने बोलीच्या क्रमाने सुटे अंक सांगावे आणि दुसऱ्याने ते लेखणीच्या क्रमाने उतरून घ्यावे, की पंचवीसचे बावन्न व्हायला कितीसा वेळ? संगणकांच्या इतिहासातले एक प्रकरण वाचताना मला याचीच राहून राहून आठवण होते.

1983 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी युनिक्सची '4.2 बीएसडी' ही आवृत्ती काढली. तीत 'टॉक' नावाचा एक प्रोग्रॅम होता. पडद्याचे दोन भाग होत : एकात आपण टंकलेली अक्षरे, दुसऱ्यात दूरच्या स्नेह्याची, तीही त्याच्या बोटांबरोबर उमटणारी. दोन्हीकडे 'व्हॅक्स' यंत्रे असली, की गप्पा रंगत. पण एकीकडे व्हॅक्स आणि दुसरीकडे मोटोरोला 68000 वर चालणारे 'सन' यंत्र असले, की संभाषण जुळतच नसे. तार शाबूत, नाव-पत्ता बिनचूक, तरी हाक पोचत नसे!

दोष कोठे होता? मोठी संख्या यंत्रात अनेक बाइटांत, म्हणजे लहान लहान खणांत, ठेवतात. व्हॅक्स धाकटा भाग आधी ठेवी, मोटोरोला थोरला. टॉक मात्र आपल्या घरची मांडणी तशीच पलीकडे धाडी. चार खणांत ठेवलेला साधा 'एक' उलट वाचला, तर 1,67,77,216 होतो! गंमत अशी, की गप्पांची अक्षरे एकेका खणात मावणारी; ती उलटण्याचा प्रश्नच नव्हता. अडत होते ते आमंत्रणाच्या निरोपातले आकडे. बोलणे शक्य होते, दार तेवढे उघडत नव्हते.

या भांडणाची जाणीव डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 रोजीच दिली होती. स्विफ्टच्या 1726 सालच्या 'गलिव्हर'मध्ये अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून युद्धे होतात. तिथलीच नावे त्यांनी या दोन पंथांना दिली. कोणता क्रम हे गौण, एकमत महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी तर नाणे उडवून ठरवा, असेही त्यांनी सुचवले. 1981 च्या इंटरनेटच्या नियमपत्रात थोरला भाग आधी, असे ठरलेही होते. टॉकने ते पाळले नव्हते.

1986 च्या '4.3 बीएसडी'त ही चूक सुधारली. नव्या टॉकला 518 क्रमांकाचे वेगळे दार मिळाले, कारण 517 वरच्या जुन्याशी त्याचे जमण्यासारखे नव्हते. समेटालाही किंमत पडते, ती अशी.

आजही बहुतेक घरगुती संगणक आणि फोन धाकटा भागच आधी मांडतात. इंटरनेटच्या मूळ नियमात मात्र थोरलाच आधी. उंबरठ्यावर आकडे उलटून घ्यायचे, एवढेच. घरची रीत कोणी सोडली नाही. मला या इतिहासात तेच सर्वांत समाधानाचे वाटते.