म्हशीची देवी

मागच्या महिन्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. म्हशीच्या सडांवर फोड आलेत, आणि आता त्याच्या बोटांवरही! "लंपी तर नव्हे ना रे? तू डॉक्टर ना!" मी डॉक्टर आहे तो इंजिनियरिंगचा, हे घरी अजून कोणाला पटलेलं नाही. असो. लंपी माणसाला होत नाही एवढं मात्र ठाऊक होतं. गुरांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, म्हशीची देवी.

त्या रात्री गुदैबियातल्या खोलीत वाचत बसलो. या रोगाची पहिली नोंद १९३४ सालची, अविभाजित हिंदुस्थानातली. महाराष्ट्रात १९८५ ते ८७ आणि पुन्हा १९९२ ते ९६ या काळात साथी आल्या. २००९ साली सोलापूर-कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींबरोबर धार काढणाऱ्यांच्याही हातांवर फोड उठले. माणूस सहसा बरा होतो, पण ताप, ठणका आणि घटलेलं दूध... गवळ्याच्या घरात हे काही लहान नुकसान नाही.

गंमत पुढेच आहे. हा विषाणू देवीच्या लशीतल्या विषाणूचा, म्हणजे व्हॅक्सिनियाचा, अगदी सख्खा भाऊबंद. भारतात ही लस रेडकांच्या कातडीवर वाढवत. बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोचं नाव त्याच उद्योगातून आलेलं. तेव्हा लसच कधीतरी गोठ्यात शिरली असावी, असा अनेक संशोधकांचा कयास आहे.

आणि मुंबईला पहिली लस आली ती कुठून? माझ्या खिडकीपासून फार लांब नसलेल्या याच आखातातून! व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा आणि मग जहाज. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचली. फ्रिज नव्हते, माणसाचं अंग हीच शीतपेटी.

भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ सालचा. १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं आणि टोचणं थांबलं. काकांच्या दंडावर तो गोल डाग आहे; माझ्या आणि भावाच्या नाही. म्हणजे धार काढणारी आमची सगळी पिढी लशीविना कोरी. देवी गेली याचा आनंद आहेच, पण तिच्या लशीचा भाऊबंद गोठ्यात राहून गेला, हे कोणी फारसं बोलत नाही.

भावाला म्हटलं, आजारी म्हैस शेवटी पीळ, साबणाने हात धू, हातमोजे घाल.

"हातमोजे?" तो म्हणाला, "म्हैस लाथ घालील, मग तू येतोस का धार काढायला?"