याप्य

आषाढीच्या वारींत तुकोबारायांची पालखी सणसर सोडते, बेलवाडीस गोल रिंगण होतें आणि इंदापूर तालुक्यांतील निमगांव केतकीस मुक्काम पडतो. पाऊस नुकता लागलेला, हवेंत गारठा, राहुट्यांपुढें ओल्या सरपणाचा धूर. दमेकऱ्यास याहून अवघड रात्र नाहीं. सारी दिंडी गाढ झोपली असतां एखादा वृद्ध वारकरी गुडघ्यांवर कोपरें टेंकून बसून राहतो. त्याच्या या बसण्याचें वर्णन फार जुनें आहे. चरकसंहितेंतला तमकश्वास ढग, पाणी, थंडी व पूर्वेचा वारा यांनीं बळावतो. आडवें झालें कीं रोगी घुसमटतो, बसलें म्हणजे त्यास बरें वाटतें.

परंतु या निरीक्षणापेक्षां चरकाचा निर्णय मला मोलाचा वाटतो. तमक नवा असेल तर साध्य, एरव्हीं याप्य. म्हणजे उपचार चालूं आहेत तोंवर आटोक्यांत राहणारा. याप्य रोगाला सुश्रुतानें दृष्टांत दिला आहे तो पडावयास आलेल्या घराच्या टेकूचा. घर उभें राहिलें म्हणून कोणी टेकू काढीत नाहीं.

पुढच्या काळानें मात्र उबळ शमविण्यावरच भिस्त ठेविली. धोतऱ्याचा धूर ओढण्याची आपल्याकडील रीत १८०२ च्या सुमारास जनरल जेंट यानें मद्रासेहून इंग्लंडांत नेली आणि तिकडे दम्याच्या विड्या पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या. १९५६ सालीं अमेरिकेंत औषधाचा मोजका फवारा देणारी नळी निघाली. छाती कांहीं मिनिटांत मोकळी होऊं लागली, आणि तेथेंच घात झाला. १९६० नंतर इंग्लंडांत दम्याचे मृत्यु एकाएकीं वाढले. आयसोप्रेनलिनच्या तीव्र फवाऱ्यावर विसंबून राहण्याकडे तेव्हां बोट दाखविण्यांत आलें. श्वासनलिका आकसते हें वरचें लक्षण. तिच्या अस्तरास आलेली सूज असल्या फवाऱ्यानें उतरत नाहीं.

ती उतरविणारें बेक्लोमेथासोन १९७२ सालीं श्वासावाटे देतां येऊं लागलें. हा खरा टेकू. त्याची अडचण एवढीच कीं, तो घेतल्यावर तत्काळ कांहींच जाणवत नाहीं. रोज ओढावें, चूळ भरावी, कांहीं आठवडे वाट पाहावी. आणि फळ काय, तर रात्र शांत गेली! न आलेल्या उबळीचे उपकार कोण स्मरतो? म्हणून बरें वाटूं लागलें कीं प्रथम हेंच औषध बंद होतें. ‘पंप लागला कीं सुटत नाहीं’ हें वाक्य मीं चांगल्या पदवीधरांच्या तोंडून ऐकलें आहे. स्वतःच्या चष्म्याविषयीं ते तसें म्हणत नाहींत.

राईट व मॅककेरो यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या श्वासवेगमापकाचें महत्त्व येथें आहे. त्याची साधी नळी आतां घरीं ठेवतां येते. जोरानें फुंकावें, आंकडा वहींत लिहावा. स्वतःच्या सर्वोत्तम आंकड्याच्या ८० टक्क्यांखालीं उतरला तर सावध व्हावें. निम्म्याखालीं गेला तर दवाखाना गांठावा. पुष्कळदां धाप जाणवण्यापूर्वींच आंकडा घसरतो. दम्याविषयींच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेनेंहि २०१९ पासून प्रौढांस केवळ उबळीच्या फवाऱ्यावर ठेवूं नये असें सांगितलें आहे.

निमगांवाहून पालखी सकाळीं इंदापुराकडे निघते. देहूपासून पंढरपुरापर्यंत वीसेक दिवसांची वाट. पडशींतल्या नळींत तितक्या दिवसांच्या मात्रा आहेत कीं नाहींत, हें घर सोडण्यापूर्वींच मोजून घ्यावें लागतें.