क्राफ्टवेर्कचे वारस कोण? कागदांवरून एक तपासणी

बेटेगावच्या पंचक्रोशीत क्राफ्टवेर्कचे सगळे विषय नांदतात. पूर्वेला चिल्हार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. पश्चिमेला तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. बोईसर स्टेशनातून पश्चिम रेल्वेच्या गाड्या धावतात, एमआयडीसीत तिन्ही पाळ्या चालतात आणि खुद्द बेटेगावात बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक उभं राहतं आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या या वाद्यवृंदाने १९७४ साली महामार्गावर ‘आउटोबान’ ही तबकडी काढली, १९७५ साली रेडिओ आणि किरणोत्सर्गावर ‘राडिओ-आक्टिविटेट’, १९७७ साली रेल्वेवर ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’, १९७८ साली ‘द मॅन-मशीन’ आणि १९८१ साली ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’. नुसत्या साम्यावरून प्रभाव ठरवायचा म्हटला, तर बेटेगाव हे ड्युसेलडॉर्फचं उपनगर ठरेल.

असला हिशेब संगीताच्या इतिहासात मात्र राजरोस मांडला जातो. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही १९८२ची तबकडी २०१० साली नव्याने बाजारात आली, तेव्हापासून तिच्याविषयी बरंच काही बोललं गेलं आहे. शिकागोत पुढे जन्मलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताचे जनक हेच, असा एक दावा. भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे क्राफ्टवेर्कची लांबची सावली, असा दुसरा समज. दोन्ही ऐकायला झकास आहेत, पण दोन्ही कागदांवर घासून पाहायला हवेत. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. तारखा जुळतात का? साधनं जुळतात का? आणि कुणी कबुली दिली आहे का, स्वखुशीने किंवा कोर्टाच्या धाकाने?

सुरुवात क्राफ्टवेर्कच्याच घरापासून करू. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियन श्नायडर यांनी १९७० साली हा संच बांधला. त्याआधी दोघे ‘ऑर्गनायझेशन’ नावाच्या संचात होते आणि त्या संचाची ‘टोन फ्लोट’ ही तबकडीही १९७०चीच. श्नायडर मूळचा बासरीवाला. सुरुवातीच्या तबकड्यांत बासरी आणि ऑर्गन ऐकू येतात. पुढच्या वर्षांत ती वाद्यं मागे पडत गेली आणि यंत्रं पुढे आली. ड्युसेलडॉर्फपासून जवळच कोलोन शहर आहे. तिथल्या रेडिओ केंद्रात १९५१ सालीच इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला होता आणि कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन तिथे काम करत होते. म्हणजे या दोघांनी शून्यातून काही निर्माण केलं नाही. वडीलधाऱ्यांनी प्रयोगशाळेत केलेलं काम त्यांनी तीन मिनिटांच्या रेडिओ-गाण्यापर्यंत आणलं. ‘आउटोबान’चं मूळ गाणं तबकडीची एक अख्खी बाजू, सुमारे बावीस मिनिटं, व्यापतं. अमेरिकेत त्याची कापून छोटी केलेली आवृत्ती वाजली आणि ती बिलबोर्डच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली.

आपण कुणाचं देणं लागतो, हे क्राफ्टवेर्कने कधीकधी कव्हरवरच छापलं. ‘द मॅन-मशीन’चं लाल-काळ्या तिरप्या अक्षरांचं मुखपृष्ठ रशियन चित्रकार एल लिसित्स्की यांच्या शैलीवरून घेतलं आहे आणि तशी नोंद तिथेच आहे. ‘राडिओ-आक्टिविटेट’च्या मुखपृष्ठावर एक साधा रेडिओ दिसतो. तो नाझी काळात स्वस्तात घरोघर पोहोचवलेल्या संचाचा नमुना आहे. मूळ संचावर असलेलं स्वस्तिकचिन्ह मात्र चित्रातून काढून टाकलं आहे. युद्धानंतर जन्मलेल्या जर्मन मुलांनी घरातलं जुनं सामान कसं वापरात आणलं, हे त्या एका मुखपृष्ठावरून कळतं.

आता पहिला प्रश्न, तारखांचा. भारतातलं इलेक्ट्रॉनिक संगीत क्राफ्टवेर्कच्या मागून आलं, हे गृहीतक बोईसरवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या उत्तर टोकाला कोसळतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून एक स्टुडिओ उभारला. या कामामागे गीता साराभाई यांची खटपट होती. त्यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे ध्वनिफितींवर रचना केल्या. ‘क्राफ्टवेर्क’ हे नाव तेव्हा अस्तित्वातही नव्हतं. त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी, तारापूरच्या केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आधुनिकतेसाठी त्या काळातल्या भारताला जर्मनीकडे पाहत बसावं लागत नव्हतं, एवढं त्या जोडीवरून दिसतं.

अहमदाबादच्या फिती कपाटात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी संस्थेच्या संग्रहातून त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. दशकानुदशकं न वाजलेल्या फितींचा प्रभाव कुणावर पडणार? म्हणून या रचना क्राफ्टवेर्कच्या आधीच्या असल्या, तरी त्यांना कुणाचं पूर्वज म्हणता येत नाही. तारीख आधीची असली की ज्येष्ठता सिद्ध होते. वारसा सिद्ध व्हायला देवाणघेवाण लागते.

मार्गाच्या दक्षिण टोकाला, मुंबईत, चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा हा वादक. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी दहा रागांची तबकडी केली. कव्हरवरचा क्रम वाचण्यासारखा आहे. पहिल्या बाजूला भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मैफल जिने संपवायची ती भैरवी इथे अगदी पहिली. पहाटेचा ललित, त्याला लागून रात्रीच्या पहिल्या प्रहरातली भूपाळी, मग पुन्हा सकाळची तोडी. शेवटी मध्यरात्रीच्या मालकंसानंतर सकाळचा बैरागी. रागसमयाचा नियम या क्रमात सलग पाळलेला नाही आणि मैफलीची चढणही नाही. पाच-पाच मिनिटांचे दहा तुकडे, दोन बाजूंना समसमान: ही तबकडीच्या धंद्याची मांडणी आहे. प्रयोगशाळेत बसलेल्या विचारवंताचं हे काम नव्हे, पोटासाठी रोज स्टुडिओत जाणाऱ्या वादकाचं आहे.

दुसरा प्रश्न साधनांचा. सिंग यांच्याकडे जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रं होती: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. पहिलं १९८० साली बाजारात आलेलं, उरलेली दोन्ही १९८१ची. ३०३ हे बास गिटारवाल्याची जागा भरण्यासाठी काढलेलं छोटं यंत्र. त्यात स्वर आणि लय वेगवेगळ्या भरायच्या आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही होती. मींडेशी कान जुळलेल्या वादकाने ती सोय लगेच हेरली असणार. सिंग यांची मांडणी अशी: खाली ८०८चा एकसुरी ठोका, मधे ३०३वर रागातल्या स्वरांचं फिरतं आवर्तन आणि वर ज्युपिटर-८वर हाताने वाजवलेला विस्तार.

इथे एक मोह टाळायला हवा. ३०३च्या आवर्तनात सोळा खाचा, तीनतालाच्या मात्राही सोळा. तेव्हा सिंग यांनी यंत्रात तीनताल बसवला, असं म्हणायला जीभ वळवळते. पण यंत्राची एक खाच म्हणजे ठोक्याचा चौथा भाग. सोळा खाचांत ठोके चारच पडतात, आणि टाळी-खालीचा मागमूस नाही. ताल सरळ डिस्कोचा आहे. दुसरं निरीक्षण अधिक पक्कं वाटतं. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे चार राग पाच स्वरांचे, म्हणजे औडव. मोजक्या स्वरांचे राग अशा आवर्तनात घोळवायला सोपे जातात. निवडीमागे हेच कारण असावं, हा तर्क माझा. कव्हरवर तसं काही छापलेलं नाही.

क्राफ्टवेर्कची अवजारं याहून निराळी होती. ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’साठी त्यांनी बॉनच्या मॅटन आणि वीखर्स यांनी बनवलेला सिक्वेन्सर वापरला. तालवाद्यं त्यांनी स्वतः जुळवली, त्यांचं पेटंटही घेतलं. लयीतही फरक आहे. सिंग यांचा न थांबणारा चार ठोक्यांचा पाया आणि त्यावर पळणारा बास यांचं नातं म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर यांनी १९७७ साली डॉना समरसाठी केलेल्या ‘आय फील लव्ह’शी अधिक जवळचं आहे. आणि मोरोडरपर्यंतही जायची गरज नाही. १९८०च्या ‘कुर्बानी’पासून मुंबई डिस्कोने भारलेली होती आणि सिंग ती लाट स्टुडिओत रोज वाजवत होते.

तिसरा प्रश्न कबुलीचा. सिंग यांनी उतारवयात मुलाखती दिल्या. सिनेमात तेव्हा डिस्कोचा सुळसुळाट होता, म्हणून तबला वगळून रागच डिस्कोच्या ठोक्यावर वाजवून पाहावेत असं सुचलं, असं त्यांनी सांगितलं. ही साक्ष जवळजवळ तीस वर्षांनंतरची, त्यामुळे ती तोलूनच घ्यायची. पण ती तबकडीच्या नावाशी, रागांच्या क्रमाशी आणि यंत्रांच्या वर्षांशी जुळते. म्हणून ग्राह्य धरायला हरकत नाही.

क्राफ्टवेर्कचा खरा, कागदोपत्री वारसा कसा दिसतो, हे त्याच वर्षीच्या न्यूयॉर्कमध्ये पाहायला मिळतं. १९८२ साली आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांचं ‘प्लॅनेट रॉक’ आलं. निर्माता आर्थर बेकर. त्यात ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ची धून आहे, ‘नंबर्स’ या गाण्याचा ताल आहे आणि यंत्र आहे टीआर-८०८. क्राफ्टवेर्कच्या बाजूने हरकत आली आणि पुढे पैशांची तडजोड झाली. मुंबईत आणि न्यूयॉर्कमध्ये वर्ष तेच, तालयंत्रही तेच. एका ठिकाणी जर्मन धून उचललेली, दुसऱ्या ठिकाणी भैरवी आणि मालकंस. दोन तबकड्यांमधलं साम्य जपानच्या कारखान्यातून आलेलं आहे, जर्मनीतून नव्हे. २००५ साली कोल्डप्ले या संचाने ‘टॉक’ या गाण्यात क्राफ्टवेर्कच्या ‘कॉम्प्युटर लव्ह’ची धून घेतली ती मात्र रीतसर श्रेय देऊन.

सगळ्यात जाड फाइल मात्र जर्मन न्यायालयांत आहे. १९९७ साली सबरीना सेटलूरच्या ‘नूर मिअर’ या गाण्यात निर्माता मोझेस पेलहॅम यांनी क्राफ्टवेर्कच्या ‘मेटाल आउफ मेटाल’मधला सुमारे दोन सेकंदांचा तालाचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवला. त्या दोन सेकंदांसाठी जर्मनीचं सर्वोच्च न्यायालय, २०१६ साली घटनात्मक न्यायालय, २०१९ साली युरोपीय न्यायालय असा प्रवास झाला. २०२३ साली जर्मन न्यायालयाने प्रकरण पुन्हा युरोपीय न्यायालयाकडे धाडलं. भाऊबंदकीतल्या जमिनीच्या दाव्यासारखाच हा पिढीजात खटला. पण इतिहासकाराला त्यातून एक गोष्ट निर्विवाद मिळते: कुणी, केव्हा, नेमकं किती घेतलं.

वारसा फक्त बाहेर जात नाही, जगाचा धक्का मूळ रचनेलाही बसतो. १९७५च्या किरणोत्सर्गावरच्या गाण्यात इशारा नव्हता. १९९१ साली ‘द मिक्स’साठी ते पुन्हा ध्वनिमुद्रित करताना क्राफ्टवेर्कने त्याला सरळ विरोधाचं रूप दिलं आणि त्यात चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड, हिरोशिमा ही नावं घातली. २०१२ साली टोकियोजवळच्या कार्यक्रमात फुकुशिमाचं नाव जपानी ओळींसह आलं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारख्याच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. ते गाणं बोईसरमध्ये ऐकताना विषय परका वाटत नाही. तरीही त्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही. ते साम्यच राहतं.

उरला शिकागोचा दावा. फ्यूचर या संचाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ साली आलं, सिंग यांच्यानंतर पाच वर्षांनी, त्याच ३०३वर. पण सिंग यांची तबकडी तेव्हा खपली नव्हती. नेदरलँड्सच्या एडो बौमन यांना ती २००२ साली सापडली आणि त्यांनीच २०१० साली ती पुन्हा काढली. मधल्या काळात ती शिकागोला पोहोचल्याचा कसलाही पुरावा नाही. तेव्हा तारीख आधीची, साधन तेच, पण दुवा नाही. सिंग कुणाचे जनक नव्हेत आणि क्राफ्टवेर्कचे वंशजही नव्हेत. जपानी यंत्रं, सिनेमातलं डिस्को आणि हातात मुरलेले राग यांतून त्यांनी स्वतःचं काही केलं. जुलै २०१५मध्ये ते वारले. त्याआधीच्या काही वर्षांत युरोपातल्या मंचांवर त्यांनी हीच तबकडी वाजवून दाखवली होती.

हा निवाडा शक्य झाला तो एक कव्हर आणि काही फिती कुणीतरी रद्दीत न घातल्यामुळे. पालघर-बोईसर पट्ट्यात ऑर्केस्ट्रात वाजवलेल्यांच्या घरी जुनी यंत्रं, खरेदीच्या पावत्या, कार्यक्रमांची पत्रकं, घरगुती कॅसेटी अजून असतील. त्यांच्यावर तारीख आणि वादकांची नावं लिहून ठेवा, आणि भंगारवाला दारात येण्याआधी एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवा.