सूप कॅन (बँक्सी)

'सूप कॅन' हे बँक्सी या टोपणनावाने काम करणाऱ्या ब्रिटिश पथकलावंताचे सिल्कस्क्रीन पद्धतीचे मुद्राचित्र असून ते २००५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकी पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या 'कॅम्पबेल्स सूप कॅन्स' या चित्रमालिकेवर ते बेतलेले आहे.

पार्श्वभूमी

वॉरहॉल यांनी १९६२ साली लॉस एंजेलिस येथील फेरस गॅलरीत सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. प्रत्येक चित्रात कॅम्पबेल कंपनीच्या सूपचा एकेक प्रकार होता. ही चित्रे त्यांनी हाताने रंगवली होती. सिल्कस्क्रीनचा वापर त्यांनी त्याच वर्षी पुढे सुरू केला. १९९६ पासून ही मालिका न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. मार्च २००५ मध्ये बँक्सीने याच संग्रहालयात परवानगी न घेता स्वतःचे सूपच्या डब्याचे चित्र टांगले.

तंत्र

सिल्कस्क्रीनमध्ये चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीचा नको तेवढा भाग बुजवतात आणि उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई कागदावर दाबतात. सामान्यतः प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते. जाहिराती व वेष्टने छापण्यासाठीही हीच पद्धत वापरली जाते.

दृश्यश्लेष

मांडणी वॉरहॉल यांचीच ठेवून बँक्सीने डबा बदलला आहे. कॅम्पबेलच्या लाल-पांढऱ्या डब्याच्या जागी टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीच्या 'व्हॅल्यू' या स्वस्त मालिकेतील टोमॅटो सूपचा निळ्या पट्ट्यांचा डबा येतो. पाहणारा आधी वॉरहॉल यांचे चित्र ओळखतो आणि मग त्याला फरक जाणवतो. डब्यावरील 'व्हॅल्यू' या शब्दाला मराठीतील 'मूल्य' या शब्दाप्रमाणेच दोन अर्थ आहेत: वस्तूची किंमत आणि तिची योग्यता. दुकानात हा शब्द स्वस्ताई सुचवतो, तर कलादालनात तोच शब्द कलाकृतीचे मोल कशावरून ठरते, असा प्रश्न उभा करतो. बँक्सीची मुद्राचित्रे पुढे लिलावांत मोठ्या किमतींना विकली गेल्यामुळे हा उपरोध खुद्द या चित्रालाही लागू होतो.

नंतरची चित्रे

टेस्कोचा संदर्भ बँक्सीच्या नंतरच्या कामातही येतो. २००८ साली लंडनच्या एसेक्स रोडवरील भित्तिचित्रात मुले टेस्कोच्या पिशवीला झेंड्याप्रमाणे वंदन करताना दिसतात. २०११ साली ब्रिस्टलच्या स्टोक्स क्रॉफ्ट भागात टेस्कोच्या नव्या दुकानाला विरोध होऊन दंगल उसळली. त्यानंतर काढलेल्या भित्तिपत्रकात त्याने 'टेस्को व्हॅल्यू' असे वेष्टन असलेला पेट्रोल बॉम्ब दाखवला.